पैसे घेताना सही

फसलेला माणूस पहिल्यांदा येतो तो मित्राचे काम घेऊन. निदान आमच्या टेबलावर तरी तसेच येत.

दादरच्या एका मराठी दैनिकात नोकरीची शेवटची वर्षे मी 'वाचक मदतकक्षा'त काढली. त्याआधी महापालिका, न्यायालय, पोलीस अशी वार्तांकनाची खाती फिरून झाली होती. निवृत्ती जवळ आली की वृत्तपत्रात माणसाला मानाने कोपऱ्यात बसवतात. माझ्या कोपऱ्यात एक टेबल, एक फोन आणि समोर दोन खुर्च्या होत्या. सुरुवातीला लोक शिधापत्रिका, पाण्याचा दाब, अडकलेली पेन्शन असल्या तक्रारी आणत. मग भाजीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळीकडे फोनवरून पैसे देणे सुरू झाले, आणि त्या खुर्च्यांवर दुसरीच माणसे येऊन बसू लागली.

शिवाजी पार्कचे एक निवृत्त अभियंते आले होते. पांढरा सदरा, खिशाला पेन. म्हणाले, "माझ्या एका मित्राबाबत विचारायचं होतं. त्याला वीज तोडणार असा मेसेज आला. त्या माणसाच्या सांगण्यावरून मित्राने एक अ‍ॅप घेतलं. आता त्याचा फोन आपोआप चालतोय म्हणतो."

मी म्हटले, "तुमच्या मित्राला सांगा, फोनचं इंटरनेट आत्ता, या क्षणी बंद करा."

त्यांनी स्वतःच्या खिशातून फोन काढला आणि बंद केला. नंतर काही वेळ आम्ही दोघेही त्या मित्राबद्दलच बोलत राहिलो. बँकेला काय सांगायचे, तक्रार कुठे द्यायची, हे सगळे मी मित्रासाठी लिहून दिले. जाताना म्हणाले, "तो तसा हुशार आहे हो." मी म्हटले, "हुशारच फसतात. बाकीच्यांना अ‍ॅप घेताच येत नाही."

दादरच्या फुलबाजारातल्या एक बाई मात्र स्वतःचेच काम घेऊन आल्या. पैसे घेण्यासाठी टोपल्यांमागे लावलेल्या चौकोनी कोडवर कुणीतरी रात्रीतून दुसरा कोड चिकटवला होता. दिवसभर झेंडू यांचा गेला, पैसे त्याला गेले. उपाय त्यांनीच काढला होता, तो छापा म्हणून सांगायला आल्या होत्या. रोज सकाळी देवाला लावतात तसे त्या आपल्या कोडच्या कोपऱ्याला कुंकू लावत. "कुंकू दिसलं तर माझा. नाय दिसलं तर मेल्याचा." आम्ही छापले. पुढे बाजारात आणखी काही कोडना कुंकू लागलेले मी पाहिले. मदतकक्षाच्या कामातले अभिमानाने सांगण्यासारखे जे थोडे आहे, त्यात हे येते.

बाकीचे बहुतेक सांगण्यासारखे नाही. त्यातले एक सांगते.

दत्ताराम परब लालबागला चाळीत राहत. गिरणीत कापडखात्यात होते. गिरणी बंद झाल्यावर परळच्या एका इमारतीत पहारेकरी म्हणून राहिले, तेही आता संपले होते. पत्नी सुनंदा मालवणी मसाला करून विकत. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत. मसाला भाजणे, कुटणे त्यांच्याकडे. ऑर्डरचा फोन घेणे आणि पैसे पाहणे परबांकडे. बँकेचे खाते दोघांच्या नावावर होते, फोनला जोडलेले. पण त्यातला पैसा सुनंदाबाईंच्या मसाल्याचा होता आणि तो कशासाठी होता तेही ठरले होते. कुडाळजवळ त्यांचे घर आहे. तिथला संडास अंगणापलीकडे, सात-आठ पायऱ्या उतरून. सुनंदाबाईंचे गुडघे गेले होते. घराला लागून संडास-न्हाणीघर बांधायचे आणि मग वर्षातले काही महिने गावाला राहायचे, असा बेत होता.

परब आमच्याकडे आले तेव्हा मित्र वगैरे काही सांगितले नाही. खुर्चीवर बसले, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, पैसे गेले. घरात म्हायती नाय. कळायच्या आत परत मिळतील काय?"

घडले होते ते असे. आदल्या दिवशी दुपारी एक फोन आला. बोलणारा हिंदीत, अदबीने. लष्कराच्या कँटीनसाठी मसाला हवा, भरपूर हवा, 'माताजी के हाथ का' असे कुणाकडून तरी ऐकले आहे. गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवले. आगाऊ रक्कम फोनवरून देतो म्हणाला. आधी खात्री म्हणून पाच रुपये पाठवले. ते खरोखर आले. मग म्हणाला, आता मोठी रक्कम येईल, स्क्रीनवर दिसेल, पिन टाका की जमा होईल.

जे लोक हे अ‍ॅप वापरत नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवे. कुणी तुम्हाला पैसे पाठवले तर तुम्हाला काहीच करावे लागत नाही, ते येऊन पडतात. पण कुणी तुमच्याकडे पैसे मागूही शकतो. तशी मागणी आली की स्क्रीनवर त्याचे नाव, रक्कम आणि पिन टाकायची जागा दिसते. पिन टाकला की पैसे जातात. त्या काळात अशी मागणी कोणीही अनोळखी माणूस पाठवू शकत असे. घाईत पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसे: एक नाव, एक आकडा.

परबांनी पिन टाकला. पैसे गेले. त्यांनी तसे सांगितल्यावर पलीकडचा माणूस दचकला, माफी मागितली. म्हणाला, चुकून उलटे झाले, आता परत करतो, पुन्हा पिन टाका. परबांनी पुन्हा टाकला. त्यानंतर आणखी एकदा.

चोरलेला पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. ते खाते बहुधा कुणा गरजूकडून भाड्याने घेतलेले असते. तिथून तो दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातो आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून बाहेर पडतो. वाटेत जेवढा सापडेल तेवढा बँक गोठवते. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. आधी सरकारी मदत क्रमांकाला फोन, मग रडणे, असे मी लोकांना सांगत असे. ऐकायला कठोर वाटे, पण तेच उपयोगी होते.

परबांनी तो पहिला तास, आणि पुढची संध्याकाळही, त्या माणसाच्या फोनची वाट पाहण्यात घालवली होती. तो परत करतो म्हणाला होता.

मी टेबलावरूनच मदत क्रमांक लावून दिला. व्यवहारांचे क्रमांक फोनमधून काढून दिले. मेसेज, फोटो, काहीही पुसू नका म्हणून बजावले, कारण शरमेने लोक ते आधी पुसतात. मग पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार. संयुक्त खाते दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवावे असे असल्याने त्यांच्या एकट्याच्या सहीने काम झाले. हे सगळे झाल्यावर मी सवयीने विचारायचे ते विचारले.

"आमच्या अंकात रोज चौकट येते. पैसे घेताना पिन लागत नाही. वाचली नव्हती?"

"वाचली होती."

"मग?"

त्यांना प्रश्नाचा राग आला नव्हता; मला कसे समजावून सांगावे याचा ते विचार करत होते.

"मॅडम, पैसे घ्यायचे तर सही नको?"

मला लगेच कळले नाही. मग ते सांगत गेले. गिरणीत पगाराच्या दिवशी खिडकीपुढे रांग. नंबर पुकारला की पुढे व्हायचे, कागदावर सही करायची, मग आतून पैसे. ज्याला सही येत नसे त्याचा अंगठा. गावाला आईला मनिऑर्डर पाठवायचे तेव्हा पोस्टमन आधी तिचा अंगठा घेई, मग नोटा देई. गिरणी बंद झाल्यावर शेवटचे पैसे मिळाले तेव्हा रेव्हेन्यू तिकिटावर सही, तीही तीन ठिकाणी. "मला उभ्या जन्मात सही केल्याबिगर कुणी पैसा दिला नाय. मास्तर होते ना युनियनचे, तेच सांगायचे, दत्ता, सही करशील तेव्हाच पैसा तुझा. हा म्हणाला पिन टाका. बँकेतल्या मुलीने खातं जोडताना मला सांगितलं होतं, काका, पिन म्हणजे तुमची सही, कुणाला देऊ नका. मी कुणाला दिला नाय. मी सही केली."

मी त्या दिवशी लिहिण्याचे काम सोडून बराच वेळ त्यांचे वाक्य मनात फिरवले. आमची चौकट अचूक होती. पण ज्या माणसांना आयुष्यभर पैसे घेतानाच सही करावी लागली, ज्यांच्यावर स्वतःच्या सहीने कुणाला पैसे देण्याचा प्रसंगच फारसा आला नाही, त्यांच्याशी ती बोलत नव्हती. चेक फाडून देणाऱ्या घरात सही म्हणजे देणे. गिरणगावात सही म्हणजे मिळणे. त्या चोराला हे माहीत असेल असे मला वाटत नाही. त्याचे काम परस्पर झाले.

चौकट बदलायला हवी असे मी मुख्य उपसंपादक देशमुख यांना सांगितले. नवे वाक्य दिले: 'पिन म्हणजे तुमची सही. ही सही पैसे देताना लागते, घेताना नाही.'

देशमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. "दोन ओळी वाढतायत. जाहिरातवाले मला खातील."

"खाऊ द्या."

"आणि सही घेताना लागत नाही हे खरं आहे का? मला पगाराच्या पावतीवर..."

"तुम्ही फोनवर पगार घेता का?"

"नाही. पण व्याकरणाच्या बाजूने बोलतोय."

चौकट बदलली. देशमुखांची शंका मी तेव्हा मनावर घेतली नाही.

परब महिन्यातून एक-दोनदा येऊ लागले. तपास कुठवर आला हे विचारायला ठाण्यात जात, तिथून आमच्याकडे. गेलेल्या पैशातला थोडा भाग एका खात्यात गोठवला गेला होता. बाकीचा निसटला होता. गोठवलेला पैसाही हातात येण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो आणि त्याला वेळ लागतो, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगत असे. ते प्रत्येक वेळी मान हलवत. चहा घेत. पूर्वी फोन हातात धरून येत. आता तो आणत नव्हते.

"घरी सांगा," मी म्हणाले.

"सांगतो. पैसे आले की सांगतो."

"सगळे नाही येणार."

"येतील तेवढे येऊ देत. आले म्हणून सांगायचं मॅडम. गेले म्हणून कसं सांगायचं? तिने सगळा उन्हाळा मिरच्यांत काढला."

मी म्हटले, सुनंदाबाई विचारत नाहीत का. तर म्हणाले, "नाय. तिचा माझ्यावर भरवसा आहे."

पुढच्याच आठवड्यात सुनंदाबाई आल्या. मी त्यांना ओळखण्याचे कारण नव्हते. एका हाताने खुर्चीची पाठ धरून सावकाश बसल्या, पिशवीतून मसाल्याचे पुडके काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "मी परबांची. ते इथे येतात ना? शेजारच्या वहिनीने बघितलं त्यांना खाली."

बातमीदारीत एकाने सांगितलेले दुसऱ्याला सांगत नाहीत. हा नियम इतक्या वर्षांत अंगात भिनलेला असतो. त्यांनी उत्तराची अपेक्षाही केली नाही.

"मला म्हाईत आहे," त्या म्हणाल्या. "कँटीनची ऑर्डर होती. मी सगळा मसाला कुटून भरून ठेवला. न्यायला कोण आलं नाय. ह्यांना विचारलं तर म्हणाले, बदली झाली त्या साहेबाची. आणि दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्याला सुट्टे पैसे. फोन ट्रंकेवर. ज्या माणसाने चाळीत सगळ्यांना शिकवलं पैसे कसे पाठवायचे, तो सुट्टे शोधत फिरतो. मला काय कळत नाय?"

"मग तुम्हीच त्यांना सांगा, की तुम्हाला माहीत आहे."

"मी कशी सांगू?" त्यांनी पुडके माझ्याकडे सरकवले. "मी सांगितलं तर मी पकडलं असं होईल. संपात घरात काय नव्हतं तेव्हा पण मी त्यांना कधी पकडलं नाय. ते सांगतील. तुम्ही फक्त त्यांना चहा देत जा. आणि मी आले होते ते सांगू नका."

त्या गेल्यावर पुडके दोन दिवस तिथेच होते. सगळ्या मजल्याला वास येत होता. देशमुखांनी विचारले, कुणाचे? मी म्हटले, एका वाचकाचे.

त्यानंतरची परबांची प्रत्येक भेट मला आठवते. ते यायचे, बसायचे, आणि जाताना हमखास म्हणायचे, "तिला अजून काय कळलं नाय."

मी म्हणायचे, "बरं."

यापेक्षा वेगळे काय करता आले असते, याचा विचार निवृत्तीनंतर करायला भरपूर वेळ मिळाला. दोघांनी मला गप्प राहायला सांगितले होते, एकमेकांसाठी. एका टेबलाच्या दोन खुर्च्यांवर ती माणसे कधी एकत्र बसली असती तर ते प्रकरण एका वाक्यात मिटले असते. तसे कधी झाले नाही.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या पावसाळ्यात परब गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. कार्यालयात निरोप आला होता, मला देशमुखांकडून कळले. मी लालबागला गेले. खोलीत माणसे होती. सुनंदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पुढे पसरून, कारण ते दुमडत नव्हते. मला पाहिल्यावर त्यांनी शेजारच्या बाईला सरकायला सांगितले. मी बसले. शहरात जन्म गेला तरी दुःखात माणूस आईच्या भाषेत बोलतो.

"तुमका सांगितल्यांनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माका नाय."

त्यात तक्रार नव्हती. त्या फक्त नोंद करत होत्या.

गोठवलेली रक्कम सोडण्याचा आदेश त्यानंतर काही महिन्यांनी झाला. आता खात्यावर एकट्या सुनंदाबाई. बँकेत बोलावले होते. त्यांनी निरोप पाठवला की सोबत याल का. त्यांचा मुलगा कामावर, आणि त्याला या सगळ्याची पहिल्यापासून कथा सांगावी लागली असती. ती त्यांना सांगायची नव्हती.

बँक परळची. आम्ही टॅक्सीने गेलो, पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी होता, वागायला चांगला. त्याने उठून खुर्ची दिली, कागद समोर फिरवले.

"आजी, हे हमीपत्र. कोर्टाने सांगितलंय म्हणून. इथे एक सही, इथे एक, आणि मागच्या पानावर. मग आज संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात दिसतील."

सुनंदाबाईंनी पेन घेतले. त्या सही मराठीत करतात, प्रत्येक अक्षर वेगळे, शिरोरेघ शेवटी एकदम. पहिली सही झाली. दुसरी झाली. मागचे पान उलटण्याआधी त्या थांबल्या.

मी म्हटले, "वाचून दाखवू का?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्या कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी पुढे जे विचारले त्यावरून मला कळले की आमची चौकट त्या घरातही वाचली जात होती. पहिली, आणि नंतर बदललेलीही. तिच्यातले वाक्य परबांच्याच तोंडून आले होते, हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. बहुधा सांगायची गरजही नव्हती.

"पैसे घेताना सही लागताच मा?" त्यांनी विचारले.

"इथे लागते."

"मगे तेंचा काय चुकला?"

अधिकाऱ्याने वर पाहिले, त्याला वाटले प्रश्न त्याला आहे. "काही चुकलं नाही, आजी," तो म्हणाला. "फक्त मागची एक राहिली."

सुनंदाबाईंनी पान उलटले आणि तिसरी सही केली.